गीझरचे माहेर

मराठी घरात रोज उच्चारला जाणारा बहुधा एकमेव आइसलँडिक शब्द म्हणजे 'गीझर'. आइसलँडच्या नैर्ऋत्य भागात हौकादालुर नावाची दरी आहे. तिथल्या एका उष्ण झऱ्याचे नाव 'गेय्सिर'. उसळणे, जोराने धावणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून ते पडले. पुढे इंग्रजांनी हे विशेषनाम उचलून त्याचे सामान्यनाम केले आणि जगातला कुठलाही उसळणारा उष्ण झरा 'गीझर' झाला. १८६८ साली लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या, व्यवसायाने रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने वायूच्या ज्योतीवर नळाचे पाणी तापवणारे यंत्र तयार केले आणि त्याला हेच नाव दिले. तिथून तो शब्द आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर चढून बसला. मूळचा गेय्सिर अलीकडच्या काळात बहुतेक निजूनच असतो. त्याच्या शेजारचा स्ट्रोकुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी उसळून प्रवाशांचे समाधान करतो. शब्द जगभर हिंडावा आणि ज्याचा तो शब्द, त्याने घरी स्वस्थ पडून राहावे, असा हा प्रकार.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा शब्दांचा नाद असतोच, पण हा लेख निव्वळ व्युत्पत्तीसाठी लिहिलेला नाही. 'गीझर' आला तेव्हा मराठीत काय होते, आणि तो आल्यावर काय झाले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. ऊन पाण्याविषयीची आपली शब्दसंपत्ती गरीब नव्हती. कढत, कडकडीत, ऊन, कोमट या एकाहून एक नेमक्या पायऱ्या. तांब्याचा बंब, घंगाळ, चुलीवरचे तपेले. आणि या सगळ्यांहून मला प्रिय असलेला शब्द, 'विसण'. कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी त्यात घालायचे गार पाणी म्हणजे विसण. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी हा शब्द गेल्या वर्षी चौघांना ठाऊक होता, आणि त्या चौघांच्याही घरी पाणी अजून चुलीवर तापते. नळाच्या दोन तोट्या फिरवून पाणी हवे तसे करता येऊ लागले की विसण कोण घालणार आणि कोणासाठी? कारण विसण हे बहुधा दुसऱ्याने घालायचे असते. न्हाऊ घालणारी आई किंवा आजी पाण्यात कोपर बुडवून पाहते आणि मग विसण घालते.

आता भूगोलाकडे वळू. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे आहे. राजापूरजवळ उन्हाळे आहे. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, आणि पार तिकडे नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. ही नावे एका दमात वाचून पाहावीत. 'उष्ण'पासून निघालेले 'ऊन' प्रत्येकात आहे. कोकणात उष्ण झऱ्यालाच 'उन्हाळे' म्हणतात, आणि ऋतू मनात घेऊन आलेल्या देशावरच्या माणसाची त्यामुळे थोडी फसगत होते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तुरळ ही नावे यात धरलेली नाहीत. पालघरपासून राजापूरपर्यंतच्या साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात डझनाहून अधिक ठिकाणी जमिनीतून ऊन पाणी वर येते. कुठे ते जेमतेम कोमट असते, तर कुठे सत्तर अंशांच्या घरात जाते. दख्खनचा ज्वालामुखी थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली, तेव्हा या पाण्याला ज्वालामुखीने तापवलेले म्हणण्यात अर्थ नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या खोल भेगांतून खाली जाते, पृथ्वीच्या पोटातल्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. शालेय पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या पानात मावेल इतके हे साधे आहे.

पण साधे कारण आपल्याला पुरत नाही. वज्रेश्वरीचे ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी लोककथा आहे. उनकेश्वरची कथा शरभंग ऋषींच्या कुष्ठरोगाची आणि रामाच्या बाणाची. हिमाचलात मणिकर्णला पार्वतीच्या हरवलेल्या कर्णभूषणाची आणि शेषाच्या फूत्काराची. कथांशी माझे भांडण नाही. कथा नसत्या तर ही कुंडे कदाचित बुजूनही गेली असती. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर बांधवले आणि त्या देवळाच्या आधाराने कुंडेही टिकली. माझी तक्रार वेगळी आहे. ऊन पाण्याकडे पाहण्याच्या आपल्यापाशी तीनच रीती उरल्या आहेत. एक चमत्काराची, दुसरी त्वचारोगाच्या औषधाची आणि तिसरी, अलीकडची, रविवारच्या सहलीची. चौथी रीत असू शकते, ऊन पाणी ही रोजच्या गरजेची आणि सर्वांच्या मालकीची वस्तू असू शकते, हे आपल्या कल्पनेत येत नाही. मराठीतली आइसलँडविषयीची अलीकडची प्रवासवर्णने वाचताना हेच जाणवते. त्यांत उत्तरेचा प्रकाश असतो, काळी वाळू असते आणि ब्ल्यू लगूनच्या दुधाळ निळ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले लेखक-लेखिका असतात. ज्या खोलीत बसून ते हे लिहितात ती खोली ऊबदार कशाने आहे, हे विचारण्याची गरज त्यांना वाटत नाही.

मी २०१८ च्या फेब्रुवारीत तिथे गेले होते ते धाकट्या नणंदेकडे, तिच्या बाळंतपणासाठी. प्रवासवर्णन लिहिण्याजोगे त्यात काही नव्हते. तीन आठवडे मी मुख्यतः एका स्वयंपाकघरात आणि एका न्हाणीघरात काढले. पहिल्याच सकाळी नळ सोडला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. मी दचकून बाहेर आले. नणंद म्हणाली, "वहिनी, घाबरू नका. नळाचं ऊन पाणी थेट जमिनीतून येतं, त्याला थोडा गंधकाचा वास असतो. दोन दिवसांत तो जाणवेनासा होईल." तिसऱ्या दिवशी खरोखरच जाणवेनासा झाला. त्या घरात गीझर नव्हता! ज्या देशाने तो शब्द जगाला दिला त्या देशाच्या राजधानीत भिंतीवर टांगलेली पाणी तापवण्याची टाकी नसावी याची मला पुढे कितीतरी दिवस गंमत वाटत राहिली. खिडकीखाली लोखंडी पन्हळी होत्या, त्यांतून हेच ऊन पाणी फिरे. बाहेर शून्याच्या खालचे वारे, आणि घरात उकडू लागले म्हणून नणंद खिडकी किलकिली करी. मला ते पाहवेना. ऊब अशी बाहेर सोडून द्यायची? आमच्याकडे पौषात शेकोटीभोवती माणसे पाठी आत करून बसतात, धग वाया जाऊ नये म्हणून.

या सुबत्तेचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे, आणि तो सुबत्तेचा नाही.

नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी किनाऱ्यावर वाफ उठताना पाहिली आणि त्या जागेला 'धुराचा उपसागर' म्हटले. रेक्याविक या नावाचा अर्थ तोच. म्हणजे राजधानीचे नावच ऊन पाण्याने ठेवलेले, आपल्या उन्हेरे-उन्हवऱ्यासारखे. इसवी सन १००० च्या सुमारास त्या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा बाप्तिस्म्यासाठी थंड पाण्यात उतरायला अनेकांनी साफ नकार दिला आणि उष्ण झऱ्याच्या पाण्यात दीक्षा घेतली, असे तिथल्या जुन्या बखरी सांगतात. धर्म बदलू, पण गार पाण्याने नाही! रेकहोल्ट येथे स्नोरी स्टुर्लुसॉन या तेराव्या शतकातील थोर ग्रंथकाराचे दगडी कुंड अजून दाखवतात. चार मीटर व्यासाचे, झऱ्यावरून चरीने पाणी आणलेले. स्नोरीचा १२४१ मध्ये त्याच्याच घराच्या तळघरात खून झाला. मराठीच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. बर्फातल्या या बेटावर लोकभाषेतले मोठे गद्य ज्या शतकात लिहिले गेले, त्याच शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. या दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरीही पंडिती भाषा बाजूला ठेवून माणसे आपापल्या बोलीत आठवणी नोंदवू लागली, तो काळ एक होता.

पण स्नोरी श्रीमंत सरदार होता. त्याच्या दारात कुंड होते म्हणून सगळ्यांच्या दारात नव्हते. सामान्य आइसलँडर जवळजवळ हजार वर्षे ऊन पाण्याच्या माथ्यावर कुडकुडत जगला. वसाहतीनंतर काही पिढ्यांतच बेटावरची बर्चची झाडे तोडून आणि मेंढ्यांना चारून संपली. मग सरपण कुठले? दलदलीतली वाळवलेली माती आणि मेंढ्यांची वाळलेली लीद. खानदेशातल्या गोवऱ्या थापणाऱ्या बायांना हे समजावून सांगावे लागणार नाही. घरे गवताच्या लाद्यांची, भिंती हातभर जाड, खिडक्या नावापुरत्या. घराच्या मुख्य खोलीला 'बादस्तोफा' म्हणत. शब्दशः अर्थ 'स्नानाची खोली'. एके काळी दगड तापवून तिथे वाफारा घेत असावेत. पुढे सरपण संपले, वाफारा संपला, नाव तेवढे उरले. त्याच खोलीत सगळे घर झोपे, जेवे, लोकर कातत बसे. ऊब एकमेकांच्या अंगाची, क्वचित खालच्या मजल्यावर बांधलेल्या गुरांची. लांबलचक हिवाळी संध्याकाळी एक जण दिव्याशी बसून जुन्या कथा मोठ्याने वाची आणि बाकीचे हातातले काम करीत ऐकत. आइसलँडचे वाङ्मय टिकले ते या गारठलेल्या खोलीत. थंडीने वाङ्मय टिकवले, असे म्हणण्याचा मोह समीक्षकांना होतो. मला तो मोह होत नाही. त्या खोलीत लहान मुलेही मोठ्या संख्येने मरत होती.

मग रेक्याविकच्या बायांचे काय? शहरापासून सुमारे तीन किलोमीटरवर उष्ण झऱ्यांचे मैदान होते, 'थ्वोत्तालौगार', म्हणजे धुण्याचे झरे. धुण्याचे गाठोडे, बादली, धोपटणे, साबण असे ओझे पाठीवर घेऊन बाया तिथवर पायी जात आणि ओले, दुप्पट जड झालेले धुणे घेऊन परतत, हिवाळ्यातसुद्धा. काही जणी उकळत्या पाण्यात पडून दगावल्या. मग पाण्यावर लोखंडी कमानी बसवण्यात आल्या. शहरातून तिकडे जाणारा जो रस्ता झाला त्याचे नाव 'लौगावेगुर', झऱ्यांची वाट. आज तो तिथला सर्वांत महागडा बाजार आहे. नणंदेबरोबर त्या रस्त्याने चालताना मी दुकानांपेक्षा उताराकडे अधिक पाहत होते. परतीच्या वाटेवर चढ लागतो.

१९३० मध्ये याच झऱ्यांजवळ खोदलेल्या विहिरींतून ऊन पाण्याची पहिली नळवाट शहरात आली. ती सर्वप्रथम कोठे नेली असेल? एका प्राथमिक शाळेत. तिच्यापाठोपाठ रुग्णालय, पोहण्याचा बंदिस्त तलाव आणि काही डझन घरे. या क्रमावर मी पुन्हा पुन्हा अडखळते. आइसलँड तेव्हा श्रीमंत नव्हते. मासेमारीवर जगणारे, पूर्ण स्वातंत्र्यही न मिळालेले (ते १९४४ मध्ये मिळाले), कोळशाच्या धुराने काळवंडलेले एक लहानसे राजधानीचे गाव. हाती आलेली ऊब थोडी होती आणि ती कोणाला आधी द्यायची हे ठरवणे भाग होते. त्यांनी ती मुलांना दिली. पुढच्या दशकात दूरच्या क्षेत्रातून मोठी नळवाट आली, घरोघरी पन्हळी बसल्या. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी देशातील निम्मी घरे अजून तेलावर तापत होती. तेव्हा सरकारने कर्जे काढली, नवी क्षेत्रे शोधली, नळ टाकले. आज दहापैकी नऊ घरे भूगर्भातल्या उष्णतेवर चालतात. नेस्यावेतलिर या केंद्रापासून सत्तावीस किलोमीटरचा प्रवास करून पाणी शहरात येते आणि वाटेत जेमतेम दोन अंश निवते. घरातून फिरून निवालेले पाणी पदपथांखालच्या नळ्यांत सोडतात, म्हणजे बर्फ वितळते आणि म्हातारी माणसे घसरून पडत नाहीत.

यात चमत्कार कोणता? ज्वालामुखीवर बसलेला देश आहे, त्यांना काय कमी, असे कोणीही म्हणेल. पण ज्वालामुखी हजार वर्षे होताच. बदलली ती माणसांची मोजणी. ऊन पाणी ज्याच्या शेतात उगवले त्याचे, हा हिशेब सुटला आणि नळ नगरपालिकेचा झाला.

त्यांचे पोहण्याचे तलाव या मोजणीचाच भाग आहेत. शंभराहून अधिक सार्वजनिक तलाव, बहुतेक उघड्यावर, आणि प्रत्येकाशेजारी ऊन पाण्याची लहान कुंडे, अडतीसपासून चव्वेचाळीस अंशांपर्यंत. वर हिमवर्षाव होत असताना पाण्यात बसून म्हातारे राजकारण बोलतात. शाळेत पोहणे सक्तीचे आहे. तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून, वस्त्रहीन होऊन अंघोळ करणेही सक्तीचे आहे. त्यावर देखरेख करणारा मनुष्य असतो आणि लाजणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तो परत पाठवतो. मीही लाजले, हे सांगायला हरकत नाही. पण पाण्यात औषध कमी घालावे लागते ते यामुळे. आपल्या कुंडांवर 'साबण लावू नये' अशी पाटी असते आणि पाटीखाली साबणाची वेष्टणे. शिवाय मला आपली आणखी एक गोष्ट आठवत होती. तिथल्या कुंडात कोण कोणाशेजारी बसले आहे हे कोणी पाहत नव्हते. आमच्या महाराष्ट्रात सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, आणि ते पाणी साधे, गार होते. पाणी सर्वांचे, हे वाक्य आपण फार महागात शिकलो आहोत. पुरते शिकलो का, हे गावोगावच्या विहिरींवर जाऊन पाहावे.

आइसलँडचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. ब्ल्यू लगून हे नैसर्गिक तीर्थ नव्हे. स्वार्ट्सएंगी येथे १९७६ पासून उभ्या राहिलेल्या उष्णता-केंद्राचे वापरून झालेले पाणी लाव्हाच्या खडकात साचले, त्याचे ते तळे. आता ते खासगी आहे आणि तिथल्या प्रवेशशुल्कात माझ्या महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीचे कितीतरी महिन्यांचे जेवण निघेल. देशातल्या विजेचा सर्वांत मोठा वाटा अॅल्युमिनियमच्या भट्ट्या खातात, आणि त्यासाठी नद्या अडवल्याबद्दल आंद्री स्नाइर माग्नासॉन या लेखकाने २००६ मध्ये आपल्या देशबांधवांना एका सबंध पुस्तकात खडे बोल सुनावले. निसर्गाची लहरही आहेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये भूकंपांच्या मालिकेनंतर ग्रिंडाविक हे गाव एका रात्रीत रिकामे करावे लागले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच परिसरात उसळलेल्या लाव्हाने स्वार्ट्सएंगीहून निघणारी ऊन पाण्याची मुख्य नळवाट गाठली आणि तोडली. वीस हजारांहून अधिक माणसांची घरे भर हिवाळ्यात थंड पडली. विजेच्या शेगड्या सगळ्यांनी एकदम लावल्या तर तारा जळतील, म्हणून घरटी वापरावर मर्यादा घाला असे आवाहन करण्यात आले. घाईने जोडलेली पर्यायी नळवाटही आधी फुटली. काही दिवसांनी पाणी परत आले. माझ्या नणंदेचे घर त्या भागात नाही, पण तिचा दूरध्वनी आला तेव्हा ती एकच गोष्ट सांगत होती. शेजाऱ्यांनी कोणाकडे लहान मूल आहे, कोणाकडे म्हातारे आहे, याच्या याद्या केल्या होत्या. एकाच नळावर सगळे गाव असले की तो तुटल्यावर सगळेच गारठतात, हा त्या व्यवस्थेचा दोष. मला त्यात गुणही दिसतो. गारठले ते सगळे एकाच वेळी, आणि दुरुस्तीची घाई सर्वांनाच होती.

आता आपली थंडी. महाराष्ट्राला थंडी नाही असे मुंबईकरांना वाटते आणि आपली वर्तमानपत्रे मुंबईत निघतात. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाच्या बागांतून रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. धुळ्यात पाच-सहा अंश ही नवलाची गोष्ट नव्हे. या थंडीला आमच्याकडे हीव म्हणतात, आणि ती थंडीहून एक पायरी आत शिरलेली असते. पूर्वी खानदेशातली घरे धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच छत. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. आइसलँडची गवताची घरे आणि आमची मातीची घरे ही थंडी-उन्हाशी एकाच शहाणपणाने वागणारी भावंडे म्हणता येतील. आता पत्रे आले. पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो आणि पौषात रात्रभर थेंब गाळतो. आणि मग माणसे घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत निजतात. बंद न्हाणीघरातला वायूवरचा गीझर आणि बंद खोलीतले घमेले, दोन्ही त्याच विषारी वायूने माणसे मारतात. त्याला वास नसतो, धूर नसतो. लंडनच्या मॉनसाहेबांच्या पहिल्या गीझरलाही धुराडे नव्हतेच. दीडशे वर्षांत एवढेही आपण शिकू नये?

घरात ऊन पाणी कोणाच्या वाट्याला किती येते, हाही एक इतिहास आहे आणि तो कोणी लिहिलेला नाही. पहाटे बंब पेटवायचा बाईने. पहिले कडकडीत पाणी घरातल्या कर्त्या पुरुषाला, मग शाळेत जाणाऱ्या मुलग्यांना, मग मुलींना. शेवटी बंबात उरलेले कोमट, राखेचे कण तरंगणारे पाणी तिचे. आत्मचरित्रांत बंबाची तांबूस चकाकी येते, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचे उटणे येते, आणि वाचक हळवे होतात. बंब पेटवणारीच्या स्वतःच्या अंघोळीचे काय झाले, हे वाक्य मी अजून शोधते आहे. गीझरने हा क्रम मोडला, त्याबद्दल मी त्या यंत्राची ऋणी आहे. विसण हा शब्द गेला त्याचे दुःख करताना हेही म्हटले पाहिजे. परंतु गीझरने ऊन पाणी ज्याच्या त्याच्या भिंतीवर नेऊन बंद केले. ज्याला भिंत नाही, ज्याला विजेचे बिल परवडत नाही, त्याचे पाणी गारच राहिले, आणि ते गार आहे हे दिसेनासे झाले.

माझ्या पहिल्या तासाला डिसेंबर-जानेवारीत पुढच्या बाकावर बसणाऱ्या काही मुली ओल्या केसांनी, ओठ काळेनिळे झालेले, अशा येतात. त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या आहेत आणि एका मुलींच्या वसतिगृहात राहतात. सव्वाशे मुली, सहा न्हाण्या. पहाटे साडेचारपासून रांग, पाणी टाकीतले, म्हणजे रात्रभर उघड्यावर निवालेले. पाळीच्या दिवसांतही तेच. वसतिगृहाच्या गच्चीवर सौरतापक आहे, पण त्याच्या काचनळ्यांपैकी निम्म्या फुटल्या आहेत आणि टाकी गळते. तो बसवला तेव्हा फीत कापली गेली होती. त्याच आवारातल्या अधिकाऱ्यांच्या निवासात गीझर आहे आणि तो चालतो.

कोकणातले ऊन पाणी नळाने धुळ्याला आणा, असे मी म्हणत नाही. तसे करण्याइतके ते नाही, आणि आपल्याला खोल्या तापवण्याची गरजही नाही. वर्षातले जेमतेम साठ दिवस अंगावर ओतायला दोन बादल्या ऊन पाणी हवे. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्या पूगा खोऱ्यातील भूगर्भीय उष्णतेसाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला आहे, आणि वीज होवो न होवो, तिथल्या शाळा त्या उष्णतेवर तापल्या तर मला आनंदच होईल. आमच्याकडे जमिनीखाली काही नसले तरी डोक्यावर भरपूर ऊन आहे. खानदेशच्या हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते. सव्वाशे मुलींना पुरेल इतके पाणी तापवायला लागणारे सगळे काही त्या गच्चीवर आहे, फुटक्या नळ्या सोडून. खर्च विचारला तर तो एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवाएवढा निघतो.

आम्ही काही प्राध्यापकांनी सही केलेले निवेदन देऊन आता दोन हिवाळे झाले. त्यावर एकदा पाहणी झाली. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी मुलींना विचारले, गार पाण्याने अंघोळ केलेली प्रकृतीला चांगली नाही का? मुली हसल्या, अशा प्रश्नांना हसायचे असते हे त्यांना फार लवकर कळलेले असते. एकीने मात्र सांगितले की घरी, पाड्यावर, आजी चुलीवर पाणी ठेवते आणि आधी तिला देते. नळ्या अजून बदललेल्या नाहीत. ज्यांना दुपारचे तास नाहीत त्या मुलींनी आता स्वतःच एक व्यवस्था केली आहे. काळ्या रंगाची दोन पिंपे वर्गणी काढून आणली आहेत, ती सकाळी भरून गच्चीवर उन्हात ठेवतात आणि तीन वाजता पाळीपाळीने अंघोळ करतात. पाळी ठरवताना ज्यांना खोकला आहे त्यांना पहिली बादली देतात.